समुद्र न बघितलेल्या पोरांना समुद्र कसा शिकवायचा? (सहावी ते आठवी, कोल्हापूर)

शाळेतल्या_बाई

नमस्कार. मी करवीर तालुक्यातल्या एका शाळेत सहावी ते आठवीला भूगोल शिकवते, गरज पडली की विज्ञानही घेते. बरेच दिवस एक गोष्ट मनात घोळतेय, ती इथे मांडते, कारण इथे कोकणातले लोक आहेत आणि या विषयात शिकलेले पण कुणी असतील.

आमच्या पुस्तकात समुद्र भरपूर आहे. सहावीला महासागरांचे महत्त्व, सातवीला भरती-ओहोटी, आठवीला सागरतळरचना आणि सागरी प्रवाह. पोरं पाठ करतात, मार्कपण पाडतात. भूखंडमंच, खंडान्त उतार, सागरी मैदान, गर्ता सगळं ओळीनं म्हणून दाखवतात. पण त्यांच्या डोक्यातला समुद्र म्हणजे टीव्हीवरचा, नाहीतर मामाच्या मोबाईलमधला गोव्याचा फोटो. वर्गात ४६ पोरं आहेत, हात वर करायला लावून मोजलं, २९ जणांनी समुद्र कधी बघितलेलाच नव्हता.

म्हणून मागच्या जानेवारीत हट्टानं सहल कोकणात नेली. पहाटे चारला एसटी सुटली, वाटेत नाष्टा, आंबा घाट, दोघा-तिघांच्या उलट्या, किनाऱ्यावर पोचेपर्यंत साडेअकरा झाले. बघतो तर पाणी पार पायऱ्यांना लागलेलं, वाळूचा पट्टाच नाही, लाटा दणादण आपटतायत. आम्ही शिक्षक हातात हात धरून साखळी करून उभे आणि पोरं आमच्या मागं टाचा उंच करून बघतायत. वीस मिनिटांत सगळ्यांना वर घेतलं. पोरांनी शंखांच्या किचेन घेतल्या, उसाचा रस प्यायला, आलो परत. निबंध लिहायला दिला तर वहीमागून वही तेच, "समुद्र खूप मोठा असतो. त्याचे पाणी खारट असते."

पुढच्या आठवड्यात फळ्यावर नकाशा लावून विचारलं, आपली पंचगंगा शेवटी कुठल्या समुद्राला मिळते? जवळजवळ अख्खा वर्ग, अरबी समुद्र. एक मुलगी म्हणाली, "बाई, आपण गेलतो की, त्याच समुद्राला." तिची काही चूक नाही, समुद्र त्याच बाजूला आहे म्हटल्यावर नदी तिकडंच जाणार असं कुणालाही वाटेल. पण जिच्या पाण्यावर ही पोरं वाढली ती नदी कुठं जाते हे त्यांना माहीत नाही, हे मला फार लागलं.

एका प्रशिक्षणात "सागर साक्षरता" हा शब्द ऐकला होता, २०२१ ते २०३० हे संयुक्त राष्ट्रांचं महासागर विज्ञानाचं दशक आहे असंही सांगितलं, स्लाइड दाखवल्या, त्यात देवमासे आणि बाहेरच्या देशांतली रंगीत प्रवाळं. चांगलं होतं, पण ते घेऊन मी आमच्या वर्गात काय करू हे कळलं नाही. शाळेत एक प्रोजेक्टर आहे तोही लाइट असली तर. तर कुणी सांगेल का, समुद्रापासून इतक्या लांब बसून, कमी पैशात, वर्षभर थोडं थोडं असं काय करता येईल? आणि परत सहल न्यायची झाली तर काय वेगळं करू?


घाटमाथा

बाई, वाचून लई बरं वाटलं. मी मूळचा गगनबावड्याचा, आता कोल्हापुरात असतो. मला वाटतं तुम्ही पोरांना समुद्राकडं न्यायची घाई करू नका, समुद्र दरवर्षी जूनमध्ये स्वतः कोल्हापुरात येतोच की. जो पाऊस आपल्याकडं पडतो तो अरबी समुद्रावरनं आलेल्या वाऱ्यानं आणलेला असतो, आणि ते वारं तर त्याच्याही पलीकडनं, विषुववृत्ताच्या खालच्या हिंदी महासागरातनं निघून आफ्रिकेच्या किनाऱ्याला वळसा मारून येतंय. हे पोरांना एकदा नकाशावर बोटानं फिरवून दाखवा.

मग पाऊस मोजायला लावा. बाटलीचं पर्जन्यमापक पुस्तकात आहेच. आपल्याकडच्या पेपरात पावसाळाभर रोज तालुकावार पाऊस छापून येतो, त्यातलं गगनबावडा, राधानगरी, करवीर, शिरोळ एवढे चार आकडे रोज एका पोरानं फळ्याच्या कोपऱ्यात लिहायचे. महिनाभरात त्यांना आपणहून दिसतं की गगनबावडा पाण्यात असतो तेव्हा शिरोळात पोरं क्रिकेट खेळत असतात. समुद्राचा ढग सह्याद्रीला धडकतो, चढताना रिकामा होतो. पर्जन्यछायेची व्याख्या पाठ करायची गरजच पडत नाही.

आता नदीचं. गगनबावड्यात घाटाच्या तोंडाशी उभं राहिलं की एकाच ढगातले दोन थेंब दोन वेगळ्या समुद्राला जातात. पश्चिमेला पडला तो करूळ घाटाखाली उतरून वैभववाडी, खारेपाटणकडनं विजयदुर्गच्या खाडीत, अरबी समुद्रात. हातभर पूर्वेला पडला तो कुंभीत, कुंभीचा पंचगंगेत, नरसोबाच्या वाडीला कृष्णेत, मग अलमट्टी, नारायणपूर, श्रीशैलम, नागार्जुनसागर, विजयवाडा आणि शेवटी आंध्रात हंसलादीवीला बंगालच्या उपसागरात. म्हणजे अरबी समुद्राचं पाणी ढगातनं येतं आणि आपल्या दारावरनं बंगालच्या उपसागराला जातं. कोल्हापूरचं पोरगं दोन समुद्रांच्या मधोमध बसलेलं असतं आणि त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

व्हरांड्यात सुतळी लावा, एक सेंटिमीटरला एक किलोमीटर धरून. पश्चिमेची सुतळी अर्धा-पाऊण मीटर. पूर्वेची बारा-तेरा मीटर, वर्गाच्या दारापासनं पार मुतारीपर्यंत जाईल. प्रत्येक धरणाला गाठ मारा, चिठ्ठी लावा. पोरं रोज येता-जाता त्या सुतळीवरनं हात फिरवतील बघा. आणि गाठी मोजताना एक मात्र सांगा, की एवढी धरणं ओलांडून पावसाळा सोडला तर बऱ्याच वर्षी समुद्रापर्यंत फारसं पाणी पोचत नाही. पण पुरात आपण टाकलेलं प्लास्टिक वाहत पुढं जातंय, प्रत्येक धरणाच्या दाराशी साठतंय. २०१९ ला पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४३ फूट. पूर ओसरल्यावर झाडांच्या शेंड्यांना पिशव्या लोंबत होत्या हे तुमच्या आठवीच्या पोरांनी बघितलंय, तेव्हा ती लहान का असंनात.

अजून एक. माझा पुतण्या सात वर्षांचा असताना त्याला जुलैत घाटावर नेलं होतं. दरीतनं धुकं वर येत होतं, समोरचा माणूस दिसंना. मी म्हटलं हे समुद्रावरनं येतंय बघ. त्यानं तोंड उघडून जीभ बाहेर काढली आणि बराच वेळ तसाच उभा राहिला, मग म्हणाला, "काका, खारट लागत नाही." एवढा चांगला प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. घरी येऊन ताटलीत मिठाचं पाणी घातलं. बाहेर ऊन नव्हतं म्हणून चुलीच्या बाजूला ठेवलं. दोन दिवसांनी ताटलीत पांढरा थर. पाणी गेलं, मीठ राहिलं. त्याला कळलं.


दर्या_मालवण

बाई, तुम्ही तिथी लिहिली नाही पण मी सांगतो, तुम्ही गेलात तो दिवस पौर्णिमेचा नाहीतर अमावस्येचा असणार, एखादा दिवस मागंपुढं. जुनं कॅलेंडर काढून बघा.

आमच्या घरात चार पिढ्या मासेमारी, आम्ही भरती घड्याळावर नाही, तिथीवर सांगतो. तिथीची पाऊणपट करायची, आली ती भरतीची वेळ. अष्टमी म्हणजे आठ, आठाची पाऊणपट सहा, सहा वाजता भरती. पौर्णिमा पंधरा, पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे तुम्ही पोचलात तेव्हा पाणी भरलेलंच असणार, वर उधाणाचे दिवस. शुक्ल असो नाहीतर वद्य, पंधरवडा बदलला की परत एकपासून मोजायचं. आणि दोन भरत्यांत साधारण १२ तास २५ मिनिटं, मधे ओहोटी. हा हिशोब मुंबईकडे जास्त जुळतो, आमच्या मालवणात भरती अर्धा-पाऊण तास अलीकडे येते आणि पाणी चढायचं पण मुंबईपेक्षा कमी. नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यात मिळते, आता मोबाईलवर पण दिसते.

सातवीला भरती-ओहोटी आहे म्हणालात ना, मग पोरांना कोल्हापुरात बसून रोज मालवणची भरती काढायला लावा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिथी बघायची, पाऊणपट करायची, वहीत लिहायची, मोबाईलवर ताडून बघायची, फरक किती आला तो पुढे लिहायचा. महिन्याभरात त्यांना कळेल की वेळ रोज पाऊण-एक तासानं पुढे का सरकते, चंद्र पण रोज तेवढाच उशिरा उगवतो म्हणून. संकष्टीला चंद्रोदयाची वाट बघत घरोघर उपाशी बसलेली माणसं असतात, पोरांना वेगळं काही सांगावं लागणार नाही.

सहलीचं आता. खडकाळ किनारा बघायचा तर पौर्णिमेला-अमावस्येला जाऊ नका, पण अष्टमीलाही नको, कारण अष्टमीला भांगाची भरती, पाणी धड चढत नाही आणि धड उतरत पण नाही. द्वितीया-तृतीया धरा. तेव्हा उधाणाचा जोर अजून असतो आणि भरती दुपारी दीड-दोनला, म्हणजे सकाळी साडेसात-आठला पाणी पार खाली, मालवणात त्याच्याही थोडं आधी. त्यासाठी रात्री मुक्कामाला यावं लागेल. एका दिवसात चार वाजता निघून धावत येणं आणि धावत जाणं ह्यात पोरांच्या हाताला काही लागत नाही हो.

ओहोटीला खडकांच्या खळग्यात पाणी राहतं, तिथे पोरांना गुडघ्यावर बसवा आणि पाच मिनिटं गप्प राहायला सांगा. आधी काहीच दिसत नाही. मग एक शंख चालायला लागतो, त्यात खेकडा राहायला आलेला असतो. मग कडेला कालवं दिसतात, समुद्रफूल दिसतं, जरा धक्का लागला की आत मिटतं. दगड उलटा केला तर तो तसाच परत ठेवायचा, त्याच्याखाली कुणाचं तरी घर आहे. जिवंत शंख खिशात घालायचा नाही. प्रवाळ आणि समुद्री काकडी तर वन्यजीव कायद्यात येतात, हात पण लावू नका. तुम्ही किचेनचं लिहिलंत म्हणून सांगतो, त्या दुकानातल्या शंखांपैकी किती मेल्यावर किनाऱ्याला लागलेले आणि किती जिवंत काढून उकळलेले, हा प्रश्न पोरांना विचारून बघा.

सकाळी रापण ओढत असतील तर ती चुकवू नका. दोन्ही बाजूंनी माणसं दोर ओढत येतात, जाळं वर येतं तेव्हा बांगडा, तारली, पेडवे, सोबत प्लास्टिकच्या बाटल्या आणि एखादी फाटकी चप्पल पण. आमच्याकडचे लोक पोरांना दोराला हात लावू देतात, मात्र आधी विचारायचं.

आणि सिंधुदुर्ग किल्ला आहेच. पोरांना तटबंदी सगळे दाखवतात, तुम्ही विहिरी दाखवा. दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चारी बाजूंनी खारं पाणी आणि आत गोड्या पाण्याच्या विहिरी, हे कसं, त्याचं उत्तर पोरांकडूनच काढून घ्या. मालवण १८१२ च्या तहात इंग्रजांकडे गेलं, त्याआधी ते तुमच्या करवीरच्या गादीकडेच होतं, तेव्हा कोल्हापूरच्या पोरांनी आमचा समुद्र परका समजायचं काही कारण नाही.


दोघींची_आई

विषय चांगला आहे पण पालक म्हणून एक विचारते. पोरांच्या मागं आधीच स्कॉलरशिप, क्लास, प्रकल्प वह्या. त्यात हे अजून एक नको. पुस्तकात जे आहे तेच असं शिकवता येत असेल तर आम्ही आनंदानं सोबत आहोत, सहलीला यायला पण तयार आहे. दुसरं, माझ्या धाकटीनं गेल्या वर्षी ८ जूनच्या जागतिक महासागर दिनाला पोस्टर केलं, त्यावर "आपला प्रत्येक दुसरा श्वास समुद्र देतो" असं लिहिलं होतं. हे खरं आहे का? मी सायन्सची आहे, मला शंका आली पण उत्तर देता आलं नाही.


खारं_पाणी

ताई, तुमची शंका बरोबर आहे. मी गोव्यात समुद्रविज्ञानात काम करते, माहेर इचलकरंजी, त्यामुळे हा धागा वाचून राहवलं नाही.

पृथ्वीवर दरवर्षी प्रकाशसंश्लेषणातून जो ऑक्सिजन तयार होतो त्यातला साधारण निम्मा समुद्रात होतो, तो मुख्यतः वनस्पती प्लवकांमुळे, डोळ्याला दिसणार नाहीत इतक्या बारीक. इथपर्यंत खरं. पण समुद्रातले जीव आणि जिवाणू तो जवळजवळ सगळा तिथेच वापरून टाकतात. आपण हवेतला जो २१ टक्के ऑक्सिजन घेतो तो कोट्यवधी वर्षांत साठत आलेला आहे. म्हणून "दुसरा श्वास" हे वाक्य पोस्टरवर नको. त्याऐवजी माणसानं वाढवलेल्या उष्णतेपैकी ९० टक्क्यांहून जास्त समुद्रानं पोटात घेतली आहे, हे लिहा, हे मोजलेलं आहे आणि मला विचाराल तर श्वासाच्या वाक्यापेक्षा जास्त हलवून सोडणारं आहे. वर्गात दाखवायचं तर दोन फुगे घ्या, एकात हवा, एकात पेलाभर पाणी. मेणबत्तीवर धरा. हवेचा लगेच फुटतो, पाण्याचा टिकतो, खाली फक्त काजळी धरते. पाणी उष्णता ओढून घेतं आणि स्वतः फार तापत नाही. समुद्र हेच करतोय, आणि आता अरबी समुद्र इतका तापलाय की २०२० ला निसर्ग, २०२१ ला तौक्ते अशी मोठी वादळं आपल्या बाजूला लागोपाठ बघितली.

बाई, सागर साक्षरतेचा अर्थ सोपा करून सांगायचा तर समुद्र आपलं काय करतो आणि आपण समुद्राचं काय करतो, हे दोन्ही कळणं. त्याची सात तत्त्वं आहेत, ती अमेरिकेतल्या शिक्षकांनी आणि शास्त्रज्ञांनी २००० नंतरच्या दशकात मिळून बांधली, पुढे युनेस्कोनं उचलली. सातही पाठ करून घेऊ नका, पहिलंच पुरे आहे. पृथ्वीवर समुद्र एकच आहे. आपण पाच महासागरांची नावं विचारतो, पोरांना वाटतं मधे भिंती आहेत. पृथ्वीगोल दक्षिण ध्रुवाकडून वर धरून दाखवा, सगळं पाणी एकमेकांत गेलेलं दिसतं.

घाटमाथा दादांनी दोन समुद्रांचं लिहिलं ते फार सुंदर आहे, त्यालाच जोडून एक प्रयोग. एक लिटर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचे सहा सपाट चमचे, हे सरासरी समुद्राचं पाणी. पोरांनी स्वतः करायचं आणि जिभेला टेकवून बघायचं, गिळायचं नाही. मग काचेच्या ग्लासात ते अर्धं भरा. दुसऱ्या भांड्यात नळाच्या पाण्यात निळी शाई. चमचा उलटा धरून त्याच्या पाठीवरून शाईचं पाणी अगदी हळू सोडा. ते वरच राहतं, खाली पांढरं, वर निळं. हा झाला बंगालचा उपसागर. गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी, गोदावरी, कृष्णा एवढ्या नद्या त्यात गोडं पाणी ओततात, ते हलकं, वर तरंगतं, खालच्या थंड पाण्यात सहज मिसळत नाही, म्हणून वरचा थर गरम राहतो आणि तिकडे वादळांना बळ मिळायचं हे एक कारण. अरबी समुद्राला मोठ्या नद्या कमी आणि बाष्पीभवन जास्त, म्हणून तो जास्त खारट. त्या निळ्या थरात एक थेंब पंचगंगेचा आहे हे पोरांना नक्की सांगा. आणि साखरबावीचं उत्तर पण ह्याच ग्लासात आहे, बेटावर पडलेलं पावसाचं पाणी मुरतं आणि खाऱ्या पाण्याच्या वर राहतं.

एक गोष्ट सांगते, ती माझ्या सगळ्यात आवडीची. फेब्रुवारी २०२३ मध्ये गुहागरच्या किनाऱ्यावर एका ऑलिव्ह रिडले कासविणीच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारं यंत्र बसवून सोडलं, नाव ठेवलं बागेश्री. ती किनाऱ्यानं दक्षिणेला गेली, श्रीलंकेला वळसा घातला आणि जुलैपर्यंत बंगालच्या उपसागरात पोचली. आणि २०२५ च्या जानेवारीत गुहागरलाच अंडी घालायला आलेल्या एका कासविणीच्या परांवर, म्हणजे वल्ह्यासारख्या पायांवर, खूण सापडली, ती २०२१ मध्ये ओडिशात लावलेली. तुमच्या सुतळीच्या नकाशावर दुसऱ्या रंगाच्या दोऱ्यानं बागेश्रीची वाट लावा. पंचगंगा जमिनीवरून जिथे पोचते तिथे ती समुद्रातून पोचली.

आणि कुणी पोरगं विचारेलच की ह्याचा मला काय उपयोग, तर मासे कुठे मिळतील हे उपग्रहावरून सांगणारं आणि त्सुनामीचा इशारा देणारं आपलं केंद्र हैदराबादला आहे, तिथेही समुद्र नाही. मत्स्य महाविद्यालय रत्नागिरीला शिरगावात आहे, कोल्हापूरहून एका एसटीचा प्रवास.


बर्फाची_पेटी

आमचा कोल्हापुरात मासळीचा धंदा हाय, वडलांपासनं. पहाटे गाडी घाट चढून येती, कधी मालवण, कधी रत्नागिरी, कधी कारवार. बाई, पोरांस्नी आमच्याकडं आणा. सकाळी गर्दी असती म्हणून दुपारी तीननंतर या.

मी काय दाखवीन सांगतो. पहिलं ताजा कसा वळखायचा, कल्ला उचलून लाल बघायचा, डोळा वर आलेला पायजे. मग ढोमा घेतो, त्याचं डोकं उकडून फोडलं की आत कानाजवळ दोन पांढरे खडे निघत्यात, दाताएवढे. एक शास्त्रज्ञ बाई आमच्याकडनं डोकी नेत होत्या, त्यांनी सांगितलं की हा खडा कापून भिंगाखाली धरला तर झाडाच्या खोडागत रेघा दिसत्यात, त्यावरनं माशाचं वय कळतंय. तवापासनं मी पोरं आली की एक खडा हातावर ठेवतो. आमच्या गल्लीतली चार पोरं ते खडे जमवत्यात आता.

दुसरं पापलेट. २०२३ ला सरकारनं पापलेट राज्यमासा केला. त्याच वर्षी किती लहान मासा धरायचा न्हाई ते पण ठरवून दिलं. पण गिऱ्हाईक काय म्हणतंय, बारकं द्या, स्वस्त द्या. तळहाताएवढं पापलेट म्हणजे एकदा पण अंडी न घातलेलं पोर हाय ते. मी माझ्या दुकानात ठेवायचं बंद केलंय, दोन गिऱ्हाईकं तुटली, पण बंद म्हणजे बंद. तुमच्या पोरांनी घरी जाऊन आईबापाला एवढं सांगितलं तरी आमच्यासारख्याला बळ येतंय. जून-जुलैत बंदी असती, १ जून ते ३१ जुलै, तवा बाजारात समुद्राचा मासा कुठनं आला हे विचारायला पण शिकवा.

ज्या पोरांच्यात खात न्हाईत त्यांच्या घरी आधी विचारा, कुणाला जबरदस्ती नको. ती पोरं बाहेर थांबून पेट्यांवरची गावांची नावं लिहून घेतील आणि नकाशावर लावतील, ते पण काम मोठंच हाय.


शाळेतल्या_बाई

इतकं मनापासून सगळ्यांनी लिहिलंय, मी दोनदा वाचलं, काही भाग आमच्या विज्ञानाच्या सरांना वाचून दाखवला.

आधी दर्या दादांना, जुनं कॅलेंडर काढलं. सहलीचा दिवस शाकंभरी पौर्णिमा. तुम्ही न बघता सांगितलंत. मी दहा वर्षं भरती-ओहोटी शिकवतेय आणि सहलीची तारीख ठरवताना फक्त शनिवार बघितला होता.

शाईचा प्रयोग काल आठवीत केला. पहिल्या दोन गटांचं मिसळलं, त्यांनी भसकन ओतलं. तिसऱ्या गटात एक मुलगा आहे, तो वर्गात कधी बोलत नाही, घरी गाईची धार काढतो, हात अगदी स्थिर. त्यानं चमच्यावरून इतकं हळू सोडलं की सगळा वर्ग श्वास धरून बघत होता. निळा थर बोटभर जाडीचा, खालचं पाणी स्वच्छ, मधली रेघ पट्टीनं आखल्यासारखी. तास संपला तरी कुणी उठेना, आणि ग्लास हलवू नका म्हणून त्यांनीच टेबलाभोवती बेंच लावून ठेवले. आज सकाळी येऊन बघितलं तर रेघ पुसट झाली होती, आता ती का पुसट झाली ह्यावर दोन गट पडलेत. मी उत्तर दिलेलं नाही.

सुतळी उद्या लावतोय. पुस्तकातलेच धडे आहेत त्यामुळे दोघींच्या आई, वेगळा भार पडणार नाही, तुम्ही म्हणालात ते मी धरून चाललेय. जी मुलगी "त्याच समुद्राला" म्हणाली होती तिनं हंसलादीवीची चिठ्ठी मागून घेतलीय. बर्फाची पेटी दादा, पुढच्या गुरुवारी तीनला वीस पोरं घेऊन येते, घरच्यांच्या सह्या घेतल्यात, आठ जण बाहेर थांबून पेट्या लिहिणार आहेत.

सहल फेब्रुवारीत, मालवण, एक मुक्काम. तृतीया रविवारी येतेय. शुक्रवारी संध्याकाळी निघावं का शनिवारी सकाळी? आणि पोरांच्या पायात काय असावं?


दर्या_मालवण

शनिवारी सकाळी निघा, दुपारी किल्ला आणि विहिरी, होडी बंदरावरूनच मिळते. रात्री लवकर झोपवा. रविवारी साडेसहाला खडकावर. तक्त्यात उंची पण बघून घ्या, दिवसातल्या दोन ओहोट्यांत एक जास्त खोल असते.

पायात मागे पट्टा असलेली जुनी सँडल, अंगठ्याची चप्पल नको, शेवाळावर घसरते, आणि अनवाणी तर मुळीच नको, कालवांची धार ब्लेडसारखी लागते. दहा पोरांमागं एक मोठा माणूस. पाण्याकडं पाठ करून कुणी उभं राहायचं नाही. मी स्वतः येतो, आमची आई पण येईल, तिला खडकावरचं सगळं नावानिशी माहीत आहे.

आणि तिसऱ्या गटातल्या त्या पोराला आणा नक्की.